कोड मागण्याआधी नोंदी मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सॉफ्टवेअरच्या कामात आहात. पोलीस आणि न्यायालयं वापरतात त्या एआय प्रणालींचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ लिखित सूचना, खुला केला आणि प्रत्येक निष्कर्षासोबत मशीनने कारणही छापून दिलं, की पारदर्शकता आणि उत्तरदायित्व हे दोन्ही प्रश्न मिटायला हवेत असं तुम्हाला वाटतं. मग घोडं अडतं कुठे?

मी गेली अठरा वर्षं डिजिटल पुरावा तपासते. कधी सरकारी पक्षासाठी, कधी बचाव पक्षासाठी, क्वचित न्यायालयाने नेमलेली तज्ज्ञ म्हणून. तुमच्या दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण त्या पुऱ्या झाल्यावरही निरपराध माणूस आत जाऊ शकतो आणि त्याबद्दल जाब विचारायला समोर कुणीच सापडत नाही. त्यामुळे खरा प्रश्न मी जरा वेगळा मांडते: मशीनने काहीतरी सांगितल्यापासून माणसाला अटक किंवा शिक्षा होईपर्यंत मध्ये कुणी काय केलं, हे नंतर कुणाला तपासता येतं का?

उत्तराचा बराचसा भाग परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगते. बचाव पक्षाला काय मागता येतं हे देशोदेशी बदलतं. शिवाय प्रणाली काय काम करते यानेही फरक पडतो. चेहरा किंवा डीएनए जुळवणं वेगळं, जामिनाच्या किंवा शिक्षेच्या वेळी आरोपीचा 'जोखीम गुण', म्हणजे तो पुन्हा गुन्हा करण्याच्या शक्यतेचा आकडा, काढणं वेगळं, आणि अलीकडे सुरू झालेलं अहवाल लिहून देण्याचं काम आणखी वेगळं. सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

एक प्रकरण सांगते, मुद्द्यापुरतंच. दुकानफोडीचा गुन्हा होता आणि कॅमेऱ्यातलं चित्रण धूसर. कागदपत्रांत चेहरा जुळवणाऱ्या प्रणालीचा एकपानी अहवाल होता. डावीकडे चित्रणातला चेहरा, उजवीकडे आरोपीचा जुना फोटो, खाली '९१' हा आकडा. आरोपपत्रात पोहोचेपर्यंत त्याचं 'ओळख ९१ टक्के पटली' असं वाक्य झालं होतं. मी मूळ फाइल मागितली. ती मिळायला चार महिने लागले. उघडल्यावर कळलं की प्रणालीने वीस चेहऱ्यांची यादी काढून दिली होती आणि आरोपी त्यात चौथा होता. पहिले तिघे का वगळले याची ओळभरही नोंद नव्हती. चित्रणात दोन डोळ्यांमधलं अंतर जेमतेम १८ पिक्सेल. शोध घेण्याआधी ते चित्र दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरने चौपट मोठं केलेलं. म्हणजे कॅमेऱ्याने जो तपशील टिपलाच नव्हता, तो सॉफ्टवेअरने अंदाजाने भरला आणि त्या अंदाजाशी एका जिवंत माणसाचा चेहरा जुळवला गेला. सगळ्यात शेवटी लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, दोन ओळी सापडल्या. १६:४२:०७ वाजता यादी उघडली. १६:४२:१८ वाजता चौथ्या चेहऱ्यावर 'खात्री केली' अशी नोंद पडली. वीस चेहरे, अकरा सेकंद.

आता विचार करा, सोर्स कोड माझ्या हातात असता तर यातलं काय कळलं असतं? काहीच नाही. कोड आपलं काम चोख करत होता. पाणी मुरत होतं ते त्याच्या आधी आणि नंतर.

त्या '९१'बद्दलही बोलायला हवं, कारण न्यायालयात सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. अशा प्रणाली चेहऱ्याचं रूपांतर काहीशे आकड्यांच्या एका रांगेत करतात. दोन रांगांमधलं अंतर मोजतात आणि ते सोयीच्या मापात बसवून दाखवतात. म्हणून ९१ हा साम्याचा आकडा आहे. हा तोच माणूस असण्याची शक्यता ९१ टक्के, असा त्याचा अर्थ होत नाही. ती शक्यता तुम्ही किती फोटोंमध्ये शोधलं यावरही ठरते. समजा प्रणाली इतकी चांगली आहे की दोन वेगवेगळ्या माणसांना ती लाखात एकदाच चुकून एक समजते. ऐकायला उत्तम. पण १० लाख फोटोंच्या साठ्यात शोध घेतला तर सरासरी १० निरपराध माणसं त्या कसोटीला उतरतील, आणि खरा गुन्हेगार त्या साठ्यात नसेल तर कसोटीला उतरलेले सगळेच निरपराध असतील. हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला की न्यायाधीशांना लगेच पटतो. पण कुणीतरी तो मांडावा लागतो, आणि त्यासाठी साठा किती मोठा होता हे कागदावर असावं लागतं. बहुतेक अहवालांत ते नसतं.

मोठं करून घेतलेल्या चित्राबद्दल एक दाखला देते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या न्यायालयाने २०२४ मध्ये खुनाच्या खटल्यात एआयने 'सुधारलेलं' चित्रण पुरावा म्हणून नाकारलं. ते चित्रण बचाव पक्षाने आणलं होतं, हे मुद्दाम सांगते. मशीनचा मोह दोन्ही बाजूंना होतो.

याचा अर्थ कोड मागूच नये असा नाही. कुठे तो हवाच, ते सांगते. अनेक माणसांचं डीएनए मिसळलेल्या नमुन्यांचं गणित आता सॉफ्टवेअर करतं. न्यूयॉर्क शहराच्या प्रयोगशाळेने त्यासाठी एफएसटी नावाची प्रणाली बनवली होती. बचाव पक्षाच्या तज्ज्ञाला तिचा कोड पाहायला मिळाला तेव्हा उघड झालं की काही परिस्थितीत ती काही माहिती गणनेतून परस्पर वगळते. तो कोड २०१७ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये पिकेट प्रकरणात ट्रूअ‍ॅलील या अशाच डीएनए प्रणालीचा कोड गोपनीयतेच्या अटींवर बचाव पक्षाला दाखवायला सांगितलं. व्यापारी गुपिताचा बचाव तिथे टिकला नाही, आणि मला तो निर्णय योग्यच वाटतो. पण त्याच प्रकरणात कंपनीच्या बाजूने सांगितलं गेलं की कोड सुमारे १ लाख ७० हजार ओळींचा आहे आणि तासाला दहा ओळी या वेगाने वाचायचा तर साडेआठ वर्षं लागतील. कंपनीने हे नकार देण्यासाठी सांगितलं असलं तरी अडचण खरी आहे. सरकारी खर्चाने वकील मिळालेल्या आरोपीचा तज्ज्ञ किती ओळी वाचणार?

आणि उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या मॉडेलच्या बाबतीत तर कोड वाचून हाती फारसं काही लागतच नाही. वागणूक ठरते ती प्रशिक्षणातल्या माहितीवरून आणि त्यातून तयार झालेल्या कोट्यवधी आकड्यांवरून. कोड म्हणजे नुसता सांगाडा. म्हणून माझी मागणी असते चालवून पाहण्याची. तीच आवृत्ती, तेच सेटिंग, आणि मला हवे ते फोटो त्यात टाकायची मुभा. एकच चेहरा थोडा उजळ, थोडा तिरका, थोडा लहान करून टाकला की आकडा ९१ वरून ७४ वर घसरतो का, हे अर्ध्या दिवसात कळतं. साडेआठ वर्षं लागत नाहीत.

आता तुमची दुसरी मागणी, कारण छापून देण्याची. जोखीम गुणांच्या बाबतीत हा वाद सर्वाधिक गाजला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात २०१६ मध्ये एरिक लूमिस याचं प्रकरण आलं. त्याला शिक्षा सुनावताना कॉम्पास नावाच्या खासगी प्रणालीचा गुण विचारात घेतला होता, आणि गुण कसा काढला हे कंपनी गुपित म्हणून सांगत नव्हती. न्यायालयाने वापर चालू ठेवला, पण अटी घातल्या: शिक्षा केवळ गुणावर ठरवायची नाही, आणि अहवालासोबत त्याच्या मर्यादांची लेखी सूचना जोडायची. त्यातली एक मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते. हा गुण समूहाबद्दल बोलतो, समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल नाही. 'याच्यासारख्या माणसांपैकी इतके जण पुन्हा गुन्हा करतात' आणि 'हा पुन्हा गुन्हा करेल' यांत केवढं अंतर आहे! छापील कारण ते अंतर बुजवून टाकतं. 'कारण: वय २३, बेरोजगार, दोन आधीच्या अटका' असं लिहून आलं की वाचणाऱ्याला वाटतं मशीनने माणूस ओळखला.

शिवाय गुंतागुंतीच्या मॉडेलसोबत येणारं स्पष्टीकरण बहुधा दुसराच एक प्रोग्राम तयार करतो. कुठला घटक काढला तर आकडा किती हलतो, यावरून तो अंदाज बांधतो. अभियंत्याला चूक शोधायला ते उपयोगी पडतं. पण न्यायालयात 'कारण' या शब्दाला वजन आहे. न्यायाधीशाने कारण लिहिलं की त्यावर अपील होतं, ते चूक ठरू शकतं, लिहिणाऱ्याला ते निस्तरावं लागतं. मशीनच्या कारणावर अपील कुणाविरुद्ध करायचं?

त्याच वर्षी, २०१६ मध्ये, प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीच्या नोंदी तपासल्या. पुढे गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांवर कॉम्पासने जास्त जोखमीचा शिक्का मारला होता. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २३ टक्के होतं. कंपनीचं उत्तर होतं की समान गुण मिळालेल्या दोन्ही गटांतले लोक साधारण समान प्रमाणात पुन्हा पकडले जातात, म्हणून प्रणाली न्याय्यच आहे. गंमत नाही, दोघांचे आकडे बरोबर होते. पुन्हा पकडले जाण्याचं मूळ प्रमाणच दोन गटांत वेगळं असेल तर न्याय्यतेच्या या दोन व्याख्या एकाच वेळी पाळता येत नाहीत, हे संशोधकांनी नंतर गणिताने दाखवलं. म्हणजे कुणीतरी दोहोंतली एक निवडली होती. ती निवड धोरणाची होती. ती व्हायला हवी होती चर्चा करून, नावानिशी, लेखी. प्रत्यक्षात ती एका खासगी कंपनीच्या कार्यालयात होऊन गेली. कोड खुला असता तरी हा निर्णय त्यात 'निर्णय' म्हणून लिहिलेला सापडला नसता.

२०१८ मधला एक अभ्यासही जाता जाता सांगते, कारण सॉफ्टवेअरवाल्यांनी तो लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. ड्रेसेल आणि फरीद या संशोधकांनी दाखवलं की फक्त वय आणि आधीच्या शिक्षांची संख्या एवढ्या दोन गोष्टींवर बेतलेलं साधं सूत्र कॉम्पासइतकंच अचूक ठरतं. कॉम्पासमध्ये १३७ पर्यंत घटक असतात. साधं सूत्र तितकंच चालत असेल तर माणसाच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नात अपारदर्शक मॉडेल वापरायला मला एकही सबब दिसत नाही.

इथवरचं एका वाक्यात: कोड काही ठिकाणी हवाच, चालवून पाहणं बहुतेक ठिकाणी हवं, छापील कारणावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. यातलं काहीही उत्तरदायित्व नाही. ते माणसांच्या बाजूला असतं.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचं रॉबर्ट विल्यम्स यांचं प्रकरण घ्या. जानेवारी २०२० मध्ये त्यांना घड्याळांच्या चोरीसाठी राहत्या घरासमोर, बायको आणि लहान मुलींच्या देखत अटक झाली. सुमारे तीस तास ते कोठडीत होते. प्रणालीने त्यांचा जुना वाहन परवान्यावरचा फोटो जुळवला होता. आणि त्या अहवालावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं की ही ओळख पटलेली नाही, हा केवळ तपासाचा धागा आहे, अटकेचा आधार नाही. म्हणजे पारदर्शकता होती! मशीनने, निदान मशीनच्या कागदाने, आपली मर्यादा स्वतः सांगितली होती. पुढे काय झालं? तो फोटो इतर फोटोंमध्ये घालून दुकानाच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या एका व्यक्तीला दाखवला. तिने चोरी प्रत्यक्ष पाहिलीच नव्हती, चित्रण पाहिलं होतं. तिने बोट ठेवलं आणि ती झाली 'साक्षीदाराने पटवलेली ओळख'. मशीनचा अंदाज माणसाच्या तोंडून वदवून घेतला की तो पुरावा दिसायला लागतो. २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत डेट्रॉइट पोलिसांनी मान्य केलं की केवळ अशा जुळणीवर अटक होणार नाही, आणि केवळ जुळणीच्या आधारावर थेट फोटो-ओळखपरेडही घेतली जाणार नाही. दुसरी अट मला पहिलीपेक्षा मोलाची वाटते. तपासाचा अनुभव असलेल्या कुणीतरी ती सुचवली असणार.

'आम्ही कंपनीवर विसंबलो' ही सबबही फार ऐकते. ब्रिटनच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये ब्रिजेस प्रकरणात तिला चोख उत्तर दिलं. साउथ वेल्स पोलिसांनी रस्त्यावर चेहरे टिपणारी प्रणाली वापरली होती. ती वंश किंवा लिंगानुसार भेदभाव करते का, हे त्यांनी तपासलं नव्हतं, आणि प्रशिक्षणाची माहिती कंपनी देत नव्हती. न्यायालयाचं म्हणणं असं की कंपनीला गुपित राखायचं असेल तर ते समजू शकतं, पण त्यामुळे पोलिसांचं कर्तव्य संपत नाही. खरेदी करणाऱ्याला हात झटकता येत नाहीत. ज्या कार्यालयांना मी सल्ला देते त्यांना सांगते: तपासू न देणाऱ्या कंपनीकडून घेऊच नका, आणि घेतलंत तर साक्षीला तुम्हीच उभे राहाल हे धरून चला.

एआय नसलेलं एक प्रकरण या सगळ्याच्या मुळाशी आहे. ब्रिटनच्या टपाल खात्याच्या होरायझन या हिशेबाच्या प्रणालीत चुका होत्या. तिच्या आकड्यांवर विसंबून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक टपाल शाखाचालकांना चोरी, खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरवलं गेलं. संगणक नीट चालतो असं न्यायालयाने धरून चालावं, ही त्या काळातली रीत होती. चूक झाल्याचं दाखवायची जबाबदारी ज्याच्याकडे कागद नाहीत अशा आरोपीवर. आणि प्रणाली पुरवणाऱ्यांकडे माहीत असलेल्या चुकांची नोंदवही होती! ती बचाव पक्षापुढे आली नाही. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. तोवर काही माणसं हे जगही सोडून गेली होती. त्या नोंदवहीची पानं पहिल्याच खटल्यात मागितली आणि दिली गेली असती तर? हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून मी तुम्हाला कोडआधी नोंदी मागायला सांगते.

अहवाल लिहिणाऱ्या एआयबाबत तर हे आणखी लागू पडतं. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यातला आवाज घेऊन घटनेचा मसुदा लिहून देणारी साधनं आता वापरात आहेत. अधिकारी मसुदा वाचतो, दुरुस्त करतो, सही करतो. पण पहिला मसुदा पुसला गेला तर 'त्याने खिशात हात घातला' हे वाक्य अधिकाऱ्याला आठवलं की मशीनने रचलं, हे उलटतपासणीत कसं काढायचं? कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये कायदा करून एआयचा वापर जाहीर करणं आणि पहिला मसुदा जपणं बंधनकारक केलं. मला हे तंत्रज्ञान नको आहे असं नाही, पण मसुदा पुसणारं तंत्रज्ञान नको.

मग मी प्रत्यक्षात काय मागते? चेहरा जुळवल्याचं प्रकरण असेल तर शोधायला टाकलेलं मूळ चित्र आणि त्यावर केलेला प्रत्येक फेरफार. प्रणालीची आवृत्ती आणि त्या दिवशीचा थ्रेशोल्ड, म्हणजे किती साम्याला जुळणी धरायची ती मर्यादा. साठ्यात किती फोटो होते. आलेली पूर्ण यादी, निवडलेला एकच चेहरा नको. यादी कुणी पाहिली, किती वेळ, इतरांना का वगळलं, आणि त्याला या कामाचं काय प्रशिक्षण होतं. जुळणीआधी आरोपीविरुद्ध काय होतं आणि जुळणीनंतर काय गोळा केलं, हे तारखांसह वेगवेगळं. न्यू जर्सीच्याच अपील न्यायालयाने २०२३ मध्ये आर्टेआगा प्रकरणात अशा स्वरूपाचा तपशील बचाव पक्षाला मिळायला हवा असं म्हटलं आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यातही जास्त जोखमीच्या प्रणालींनी आपोआप नोंदी ठेवाव्यात अशी तरतूद आहे. जिथे असा कायदा नाही तिथेही मी लेखी मागणी करते. नोंद नसेल तर 'नोंद नाही' हे लेखी मिळणंही खटल्यात कामाला येतं.

त्या दुकानफोडीच्या प्रकरणाकडे परत येते. सात महिने आत राहून आरोपी सुटला. न्यायालयाने तो अहवाल विचारात घेतला नाही, आणि दुसरा पुरावा तकलादू होता. उलटतपासणीत वकिलांनी यादी पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारलं, 'यांच्यापैकी कुणीच नाही असं तुम्हाला वाटलं असतं तर काय केलं असतं?' तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, पडद्यावर दोनच बटणं असतात. 'खात्री केली' आणि 'पुढील'. विसाव्या चेहऱ्यावर 'पुढील' दाबलं की पुन्हा पहिला येतो. खोटं बोलत नव्हता. मी नंतर स्वतः बसून पाहिलं. प्रणालीच्या खरेदीचे कागदही आम्ही मागवले. अचूकतेवर चार पानं होती, वेगावर दोन. माणसाला नाही म्हणायची सोय असावी, असं कुणीच लिहिलं नव्हतं.

तुम्ही अशी प्रणाली लिहायला बसलात तर 'यांपैकी कुणीही नाही' हे बटण पहिल्या दिवशी ठेवा. ते दाबलं की वेळ, नाव आणि कारण नोंदलं जाऊ द्या, आणि ती नोंद कुणालाच, तुम्हालाही, पुसता येऊ नये. एखाद्या कार्यालयात ते वर्षभरात एकदाही दाबलं गेलं नसेल, तर माझी तपासणी तिथूनच सुरू होईल.